छायाचित्रांसाठीं पडदा निवडतांना

आजेपणजांचीं जुनीं छायाचित्रें संगणकावर घेऊन तीं सुधारण्याचें काम हल्लीं घरोघरचीं तरुण मंडळी हौसेनें करितात. परंतु पडद्यावर प्रसन्न दिसणारी आजी कागदावर काळवंडते, अशी तक्रार वारंवार कानीं येते. आमच्या मतें येथें दोष बहुधा छापणाराचा नसून पडद्याच्या फाजील तेजाचा असतो. दुकानांत डोळे दिपविणारा मॉनिटर घरींही तितकाच प्रखर ठेवला, म्हणजे चित्र आहे त्याहून उजळ भासतें व सुधारणारा तें नकळत मंद करितो. छपाईच्या कामास ८० ते १२० कँडेला प्रतिचौरस मीटर एवढें तेज पुरे.

पडदा आयपीएस जातीचा घ्यावा. बाजूनें पाहिलें तरी त्याचे रंग फारसे पालटत नाहींत. १९९६ सालीं सुचविली गेलेली एसआरजीबी ही रंगमर्यादा त्यानें पुरती दाखविली कीं घरगुती काम भागतें. वक्र पडद्याचा थाट खेळणारांस लखलाभ होवो! वांचलेल्या पैशांत रंगमापक यंत्र अवश्य घ्यावें. तें पडद्यावर टेकवून श्वेतवर्ण ६५०० केल्व्हिनशीं जुळवितां येतो, आणि एकच यंत्र चुलत्यापुतण्यांच्या सर्व संगणकांस पुरतें. ही जुळणी महिन्याकाठीं करावी. खिडकीचें ऊन मात्र पडद्यावर येऊं देऊं नये.