ग्रंथालय नागपुरात, वाचक गडचिरोलीत

मध्य भारतातल्या सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. तो लेख गडचिरोलीतल्या कुरखेड्यात बसलेल्या डॉक्टरलाही आज मिनिटभरात सापडतो, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सूची १९९७पासून सर्वांना मोफत खुली आहे. पण त्या लेखानंतर नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत एमडी-एमएसच्या किती तुकड्या शिकून गेल्या! पदवीसाठी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो आणि त्यासाठी तपासलेले रुग्ण बहुधा विदर्भातले, शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधले असतात. ‘शोधगंगा’ हा देशातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह मुख्यतः पीएचडीच्या प्रबंधांसाठी आहे. त्यामुळे एमडीच्या प्रबंधातून पुढे शोधनिबंध निघाला नाही, तर ते काम ग्रंथालयाच्या कपाटात राहतं. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ग्रंथालयाची वेळ आणि पुस्तकांची संख्या दिली, एवढ्याने ही अडचण सुटत नाही. आजाराचं नाव टाकल्यावर प्रबंध समोर आला, तरच ग्रंथालय इंटरनेटवर दिसतं असं म्हणता येईल.

यावर कुणी म्हणेल, आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आहे ना? ही योजना मोलाची आहेच. केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५पासून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली होऊ लागली. मात्र तिच्यातून जगाचं ज्ञान नागपुरात येतं. नागपूरचं ज्ञान बाहेर जाण्याची वाट वेगळी आहे, आणि ती आपल्यालाच बांधावी लागेल. पैशाची सबब इथे फारशी टिकत नाही. सूचीसाठी ‘कोहा’ आणि प्रबंधसंग्रहासाठी ‘डीस्पेस’ या दोन्ही प्रणाली मोफत मिळतात. खरी गरज आहे ती नोंदी करणाऱ्या प्रशिक्षित ग्रंथपालाची, आणि ते पद भरलेलं असण्याची.

रुग्णांच्या गोपनीयतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. लहान गाव, दुर्मीळ आजार आणि वय एकत्र छापलं, तर नाव नसतानाही माणूस ओळखू येतो. म्हणून सगळे प्रबंध सरसकट खुले करावेत, असं मी म्हणणार नाही. शीर्षक, वर्ष, विभाग, विषयशब्द आणि तपासून घेतलेला सारांश एवढंच आधी खुलं करावं. पूर्ण प्रबंध मागणाऱ्याला संस्थेच्या नैतिकता समितीने ठरवलेल्या नियमांनुसार द्यावा. कच्चं संशोधन लोकांपुढे जाईल ही भीतीही रास्त आहे, पण ‘पदवीसाठीचा प्रबंध’ अशी स्पष्ट नोंद केली की वाचणारा डॉक्टर त्याचं वजन स्वतः ठरवू शकतो.