धानोऱ्याच्या रानात धोक्याची घंटा कुठे टांगावी?

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे 18 चौरस किलोमीटर. या रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला, वाघ किंवा हत्तीची चाहूल लागताच दाबायला, धोक्याचे बिनतारी बटण द्यायचे ठरले, तर हिशेब सोपा वाटतो. 2.4 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात एवढे क्षेत्र मावते आणि उपकरणांच्या माहितीपत्रकात पाच-दहा किलोमीटरचा पल्ला सर्रास छापलेला असतो. मग गावातल्या एखाद्या छपरावर एक रिसीव्हर आणि एक भोंगा बसवला की झाले! माझ्या मते ही मांडणी चुकीच्या टोकापासून सुरू होते. तिची सुरुवात बटण लावलेल्या माणसापासून व्हायला हवी, आणि मोजणी भर पावसाळ्यात.

चैत्रात मोहफूल वेचणारी बाई पहाटेच झाडाखाली पोचते आणि तासन्‌तास वाकलेली असते. कमरेचे बटण तेव्हा जमिनीपासून जेमतेम हातभर-दोन हात उंच असते. जमिनीलगतच्या लहरींची ताकद दूरवर गेल्यावर अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले की शक्ती सोळावा हिस्सा उरते. त्यात शरीरातले पाणी लहरी शोषून घेते, म्हणून पाठीमागच्या रिसीव्हरला संदेश फारच क्षीण पोचतो. झाडीचा अडथळा तर याहून मोठा. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी झाडीतली घट मोजणारे वाइसबर्गरचे सूत्र लावले, तर पानांनी भरलेली दाट पण कोरडी झाडी शंभर मीटरमध्ये सुमारे 19 डेसिबल खाते. म्हणजे शक्ती ऐंशी पटींनी कमी होते. उन्हाळ्यात निष्पर्ण साग पाहून केलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते. श्रावणात त्याच सागाला ताटाएवढी ओली पाने असतात, आणि गुराखी व वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढणारे तेव्हाही रानातच असतात.

ट्रान्समीटरची ताकद वाढवावी, असे कोणी म्हणेल. पण ती दुप्पट केली तरी पदरात 3 डेसिबलच पडतात, आणि बॅटरी मात्र लवकर संपते. रिसीव्हरची उंची दुप्पट केल्यास मोकळ्या जमिनीवर 6 डेसिबल मिळतात. तेव्हा उंची वाढवायची ती रिसीव्हरची, आणि एकाऐवजी किमान दोन रिसीव्हर माणसांच्या वहिवाटीच्या पाऊलवाटांच्या दोन बाजूंना हवेत. एकाकडे पाठ असली तरी दुसऱ्याकडे तोंड असेल. टेकडीचा माथा, तलावाची पाळ, धानाच्या बांध्यांकडे उघडणारी रानाची कड या जागा वर्तुळाच्या मध्यबिंदूपेक्षा केव्हाही बऱ्या. भोंग्याचेही तसेच. एक मीटरवर 110 डेसिबलचा आवाज किलोमीटरभर गेल्यावर, वारा आणि झाडी नसतानाही, 50 डेसिबलच उरतो. मदतीला धावणारे लोक दिवसा शेतात असतात. म्हणून चौकातल्या एका मोठ्या भोंग्यापेक्षा टोल्याटोल्यावर, म्हणजे वाडीवस्तीवर, विखुरलेले छोटे भोंगे उपयोगी.

यावर सर्वांत खरा आक्षेप असा की वाघ मागून येतो, बटण दाबायला वेळच देत नाही. हे मान्यच करायला हवे. बटण हल्ला थोपवत नाही. पण ताजे पगमार्क दिसले, गुरे बिथरली, जोडीदार हाकेला ओ देईना, तेव्हा ते दाबता येते, आणि जखमीपर्यंत माणसे लवकर पोचली तर जीव वाचू शकतो. 2021 साली छत्तीसगडमधून गडचिरोलीत आलेल्या रानटी हत्तींच्या बाबतीत तर रात्री धानाची राखण करणाऱ्याला पुष्कळदा काही मिनिटे मिळतात. दुसरा आक्षेप असा की ताडोबाजवळच्या सीतारामपेठेत 2023 साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभी राहिली, तीच इथेही बांधावी. ती गावाची शीव राखते आणि तिची गरज आहेच. पण मोह, तेंदूपत्ता, सरपण हे सारे शिवेपलीकडे आहे. मोबाइल पुरेल म्हणणाऱ्यांनी नाल्याच्या खोलगटात उतरून रेंज पाहावी.

प्रत्यक्ष मांडणी करताना दोघांनी बटण कमरेला लावून, वाकून, पाठ फिरवून नेहमीच्या वाटा चालाव्यात आणि संदेश जिथे पोचत नाही त्या जागा ग्रामसभेच्या नकाशावर खुणेने नोंदवाव्यात. रिसीव्हर कुठे सरकवायचा, हे त्या खुणांवरून ठरेल. संदेश पोचल्याची पोच बटणापर्यंत परत आली पाहिजे, हलक्या थरथरीच्या रूपात, आवाज न करता. ही थरथर आली नाही तर चार पावले चढावर जाऊन पुन्हा दाबायचे, एवढे प्रत्येकाला शिकवता येते.