बांडगूळ नव्हे, आमरी!

आंब्याच्या जुन्या फांदीवर जाड, लांबट पानांचा एखादा झुबका तुम्ही नक्की पाहिला असेल. खाली पांढरट, सुतळीसारख्या मुळांचा गुंता. "अहो, बांडगूळ ते! काढून टाका, झाड खाऊन टाकील," असे कोणीतरी जाणत्याच्या थाटात सांगते, गडी कोयता घेऊन वर चढतो आणि कित्येक वर्षे वाढलेला तो झुबका मिनिटभरात खाली येतो. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गड्याला जरा थांबवा. ते बांडगूळ नसून आमरी असण्याचा, म्हणजे फुलवाल्याकडे आपण दांडीगणिक पैसे मोजून घेतो त्या ऑर्किडच्याच कुळातले झाड असण्याचा, चांगलाच संभव आहे.

दोन्ही ओळखणे अवघड नाही. खरे बांडगूळ फांदीच्या लाकडात शिरून रस ओढते. जिथे शिरते तिथे फांदीला गाठ येते आणि ते ओढून सुटत नाही. आमरी फांदीला नुसती बिलगलेली असते. झाडाकडून तिला बसायला जागा हवी, बाकी काही नको. तिची मुळे स्पंजासारख्या पांढऱ्या आवरणाने मढलेली असतात. पावसाचे पाणी आणि सालीच्या फटीत साचलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचा संसार चालतो. बिचारीवर आळ मात्र फार जुना. 'व्हँडा' हे एका मोठ्या ऑर्किड घराण्याचे जगभर रुळलेले शास्त्रीय नाव आपल्या संस्कृतातल्या 'वंदा'वरून आलेले आहे, आणि वंदा म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारे झुडूप, बांडगूळच!

आता तुम्ही म्हणाल, ऑर्किड म्हणजे थंड हवेची, काचघरातली, बड्या लोकांची हौस. धाकट्या डहाणूसारख्या समुद्राकाठच्या मच्छीमार गावात, जिथे अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आणि खारा वारा, तिथे ती कशी जमणार? जमते, बरं का! मी गेली पुष्कळ वर्षे जमवते आहे. हवेतला दमटपणा आपल्याकडे फुकट मिळतो, त्यासाठी शहरातल्या हौशी मंडळींना फवारे मारत बसावे लागते. नारळाची सोडणे हवी तेवढी. आणि डहाणूच्या चिकूच्या वाड्या आहेतच. चिकूची खरबरीत साल मुळांना धरायला झकास!

मात्र आपल्याकडचा एक शत्रू ओळखून ठेवा, तो म्हणजे खारे पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने पानांची टोके करपतात, मुळांची हिरवी शेंडी काळी पडते. म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात साठवावे. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्याव्या, म्हणजे कौलावरची धूळ आणि मीठ निघून जाते. तोंडाला फडके घट्ट बांधावे, नाहीतर डासांची पैदास व्हायची. सोडणे वापरायची तीही खाडीत मुरवलेली नकोत. कोरडी सोडणे आणून, तुकडे करून, चार-आठ दिवस गोड्या पाण्यात भिजत घालावी आणि लालसर पाणी रोज बदलावे. त्यात लाकडी कोळसा नि विटेचे खडे मिसळले की झाले. माती मुळीच घालायची नाही. मातीच्या कुंडीत आमरी लावणे म्हणजे पाखराला पाण्यात ठेवणे.

खरे तर कुंडीही नकोच. लाकडाच्या ओंडक्यावर किंवा थेट झाडाच्या बेचक्यात सुंभाने बांधा. चिकूची सावली आत फार दाट असते, तेव्हा बाहेरच्या अंगाला, सकाळचे ऊन तासदोन तास येईल अशी फांदी निवडा. बांधताना एवढेच बघायचे की झाड हलता कामा नये. हलले की नवी मुळे घासून मरतात. पाणी कधी घालायचे ते मुळेच सांगतात. ओली असताना हिरवी दिसतात, वाळली की पांढरी. पांढरी झाली की घाला, हिरवी असेतो हात आवरा. खत द्यायचे तर अगदी पातळ, पुडीवर लिहिलेल्याच्या पाव हिश्शाने. मासळी धुतलेले पाणी घाला म्हणून शेजारीपाजारी सांगतील. नारळाच्या आळ्यात ते खुशाल ओता, पण या उघड्या मुळांवर नको. मुंग्या येतात, मांजरे येतात.

आणखी एक, खास वाडीवाल्यांसाठी. पावसाळ्यात चिकूची फळगळ आवरायला मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदातले तांबे काही आमरींना, विशेषतः डेंड्रोबियमना, सोसत नाही. फवारणीच्या दिवशी त्यांच्यावर गोणपाट टाका किंवा ओंडके उतरवून घरात घ्या.

कोणत्या जाती घ्याव्यात? बाजारात मिळणाऱ्यांपैकी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम आणि रंगीबेरंगी व्हँडा किनाऱ्यावर सुखाने राहतात. पसरट फुलांची फॅलेनॉप्सिस घराच्या उत्तरेच्या वळचणीला जगते. सिंबिडियमच्या मोहात मात्र पडू नका. तिला फुलायला थंड रात्री लागतात. आपल्याकडे ती नुसती गवतासारखी वाढते नि वर्षानुवर्षे वाट पाहायला लावते. पण माझा जीव विकतच्यापेक्षा आपल्या गावठी जातींवर अधिक. मे-जूनमध्ये फुलणारी सीतेची वेणी पाहिली आहे का? पांढऱ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा भरगच्च लोंबता घोस. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात, बिहू नाचताना मुली केसांत माळतात. ते त्या राज्याचे राज्यफूलच आहे. दुसरी आपली साधी व्हँडा. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकटी आणि जांभळट ओठ, जवळ गेले की गोड वास. तिसरी छोटी पांढरी डेंड्रोबियम. पावसाळा सरला की हिची पाने झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. मेली म्हणून टाकून देऊ नका! त्याच कोरड्या काड्यांवर हिवाळा-उन्हाळ्यात फुलांचे तुरे येतात.

अशा आपल्या जातींची जंत्री करायला माणसांनी आयुष्ये वेचली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश धर्मगुरू फादर सांतापाऊ आणि कापडिया या दोघांनी जुन्या मुंबई राज्याच्या ऑर्किडांवर लिहिलेला ग्रंथ 1966 साली निघाला. पाचगणीच्या एका आमरीला त्यांनी त्या गावाचेच नाव दिले. आणि केवळ विद्वानांचेच हे काम, असेही नाही हो. सिंगापूरच्या ॲग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतली जांभळट व्हँडा 1893 साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. 1981 मध्ये तेच फूल सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ठरले.

मग गावठी जाती आणायच्या कुठून? इथेच हौशी माणसाची परीक्षा असते. जंगलातून उपटून आणायच्या नाहीत, आणि घाटात रस्त्याकडेला कोणी जुड्या विकायला बसले असेल तर स्वस्त म्हणून घ्यायच्याही नाहीत. राखीव जंगलातून रोप आणणे गुन्हा आहे, हे तर झालेच. ऑर्किडांच्या परदेशी व्यापारावरही निर्बंध आहेत. भारत 1976 पासून त्या करारात सामील आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी एक हिशेब ऐका. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. पिठासारख्या बारीक. मात्र बीत शिदोरी म्हणून काही नसतेच. मुगाच्या दाण्यात कोंबापुरते अन्न असते, तसे हिच्यात नाही. योग्य बुरशी भेटली, तिने भरवले, तरच बी रुजते. लाखांतली एखादी वाचते, तिला फूल यायला पाच-सात वर्षे सहज लागतात. 1922 साली अमेरिकेतल्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या जेलीवर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले, तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटल्यांतून रोपे होऊ लागली. तेव्हा रोपवाटिकेतून घ्या नि 'बाटलीतली का?' असे स्पष्ट विचारा. भिडस्तपणा इथे कामाचा नाही.

आपल्या स्वयंपाकघराचाही यात हात आहे बरं का. बाळंतिणीच्या लाडवात काही घरी सालममिश्री घालतात, ते हिमालयातल्या आमरीचे कंद असतात. ते खणण्याच्या हावेपायी तिथली ती जात संकटात आली आहे. लाडू त्यावाचून अडत नाहीत. डिंक, खारीक, गोडंबी पुरेशी आहे.

माझ्याकडच्या निम्म्याअधिक आमरी मात्र विकतच्या नाहीत. त्या सरपणातल्या आहेत. घर वाढवायला, रस्ता रुंद करायला, नाहीतर नुसते म्हातारे झाले म्हणून वाडीतले आंबे तुटतात. जुन्या, भेगाळ सालीच्या झाडांवरच आमरी बसलेल्या असतात, आणि फांद्या चुलीत जातात. कुठे झाड पडते आहे असे कानावर आले की मी मालकाला विचारून जाते. मुळे सालीपासून सोलायची नाहीत, फांदीचा तुकडाच करवतीने कापून घ्यायचा. घरी आल्यावर महिनाभर सावलीत टांगायचा, खत नाही, सकाळी पाण्याचा हलका शिडकावा. गोगलगायी आणि पानामागची खवलेकीड बघून घ्यायची. जुन्या दात घासायच्या ब्रशाने साबणपाण्यात पुसली की ती सुटते. मग ज्या बाजूला आधी ऊन होते तीच बाजू उन्हाकडे करून वाडीतल्या दुसऱ्या आंब्याला बांधून टाकायचा. तुकड्याला पत्र्याची चकती लावून कोणत्या वाडीतला नि कधी आणला, ते खिळ्याने कोरून ठेवा. पेन्सिल पावसात टिकत नाही.

आणि लाकूडतोड्याला चहा द्यायला विसरू नका. पुढच्या झाडाची बातमी तोच आणतो.