घरची सौर वीज आणि खांबावरचा माणूस

वळवाचा पाऊस वाऱ्यासह कोसळतो, कोठे तरी फांदी तारेवर पडते आणि गाव अंधारात बुडते. अशा वेळी ज्या घराच्या छपरावर सौर पॅनेल व घरात बॅटरी आहे, तेथील दिवे मात्र चालू राहतात. मुलांचा अभ्यास थांबत नाही, दूध नासत नाही. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु त्याच घटकेला गावाबाहेरच्या खांबावर लाइनमन चढलेला असतो. घरातील वीज उलट वाटेने त्याच्या हातातील तारेत शिरली, तर त्याचा प्राण जाऊ शकतो. म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला कसा जोडावा, हा प्रश्न केवळ घरमालकाच्या सोयीचा नसून साऱ्या गावाच्या सुरक्षिततेचा आहे.

हायब्रिड म्हणजे काय?

संकरित ज्वारीमुळे ‘हायब्रिड’ हा शब्द शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. येथे त्याचा अर्थ इतकाच की, सौर पॅनेल, बॅटरी आणि सरकारी तारेवरून येणारी वीज या तिन्हींचा मेळ एकच यंत्र घालते. दिवसा पॅनेलची वीज प्रथम घरात वापरली जाते, उरलेली बॅटरीत साठते, आणि परवानगी असल्यास शिल्लक बाहेर जाते. पुरवठा बंद पडताच यंत्रातील स्विच सरकारी तारेपासून आपोआप अलग होतो व निवडक दिव्यांना वीज देत राहतो.

विहिरीतील फूट व्हॉल्व्ह नळातील पाणी मागे जाऊ देत नाही. हा स्विच तसेच काम करतो. मात्र जोडणी चुकली, तर उत्तम व्हॉल्व्हसुद्धा निरुपयोगी ठरतो.

धोका कोठे आहे?

काही ठिकाणी दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून इन्व्हर्टरची वीज भिंतीवरील सॉकेटमधून घरात सोडली जाते. ही पद्धत अत्यंत घातक आहे. मुख्य स्विच बंद करण्यास कोणी विसरला, तर २३० व्होल्टचा दाब मीटरमधून थेट खांबाकडे जातो. तेथून तो रोहित्रापर्यंत पोहोचला, तर रोहित्र उलटे चालते आणि ११,००० व्होल्टच्या तारेवर हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. शिवाय त्या वायरचे एक टोक सॉकेटमधून निघाले, तर त्याच्या उघड्या पितळी पिनांत वीज राहते. घरातील लहान मुलाचा हात तेथे सहज पोहोचतो.

जोडणी कशी असावी?

प्रथम घरातील भार दोन भागांत विभागावा. वीज गेल्यावरही चालू राहिलेच पाहिजेत असे दिवे, पंखे, शीतकपाट यांसाठी स्वतंत्र फळा बसवावा. पाण्याची मोटार, गिझर, इस्त्री ही जड साधने सरकारी विजेच्या फळ्यावरच ठेवावीत. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, व लहान इन्व्हर्टर तेथेच बंद पडतो.

हिशोब सोपा आहे. ९ वॅटचे ६ दिवे, ७५ वॅटचे ३ पंखे, १५० वॅटचे शीतकपाट व १०० वॅटचा दूरदर्शन संच मिळून सुमारे ५३० वॅट होतात. ५ युनिटच्या बॅटरीतून ४ युनिट वापरास मिळाली, तर हा भार साधारण सात तास चालेल.

इन्व्हर्टरला सरकारी विजेचे व घरच्या भाराचे अशी दोन वेगळी टोके असतात. मुख्य स्विचकडून येणारी वायर पहिल्या टोकास, व निवडक फळ्याकडे जाणारी वायर दुसऱ्या टोकास जोडावी. त्यांची अदलाबदल झाल्यास यंत्र जळण्याचा संभव असतो. निवडक फळ्याचा न्यूट्रल दुसऱ्या फळ्याच्या न्यूट्रलमध्ये मिसळू नये. तो मिसळला की गळतीरोधक स्विच वारंवार पडतो, आणि कंटाळून तो काढून टाकण्याची चूक माणसे करतात. ३० मिलिअँपिअरचा हा स्विच माणसाचा जीव वाचवतो, हे विसरू नये. इन्व्हर्टरवर घर चालू असतानाही तो काम करील अशा रीतीने न्यूट्रल व अर्थिंग यांची जोडणी उत्पादकाच्या सूचनेनुसारच करावी.

यंत्र दुरुस्तीस गेले असता निवडक फळा सरकारी विजेवर घेण्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवावा. तो फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. एका वेळी एकच बाजू जोडली जाईल, अशीच त्याची रचना हवी.

पॅनेलकडील वीज ऊन असेपर्यंत बंद होत नाही. तिच्या वायरींवर शेकडो व्होल्ट असू शकतात, म्हणून त्यांस स्वतंत्र स्विच हवा. हे सर्व काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

परवानगी व परीक्षा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे छतावरील पॅनेल गावोगाव दिसू लागली आहेत. शिल्लक वीज बाहेर देण्यासाठी वीज कंपनीची मंजुरी व नेट मीटर आवश्यक आहे. ते मिळेपर्यंत यंत्रातील ती सोय बंद ठेवावी. साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकते.

काम पूर्ण झाल्यावर पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. भर उन्हात घराचा मुख्य स्विच बंद करावा. निवडक दिवे चालू राहिले पाहिजेत. मग ठेकेदाराने मुख्य स्विचच्या घराकडील टोकांवर मीटर लावून दाखवावे. तेथे दाब शून्य आला पाहिजे. शून्य न आल्यास जोडणी सदोष आहे असे समजून यंत्र तत्काळ बंद करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावात पॅनेल असलेल्या घरांची यादी लाइनमनजवळ द्यावी, व ही परीक्षा प्रत्येक घरी झाली आहे की नाही याची चौकशी करावी. आपल्या घरातील दिवा खांबावरील माणसाला धोका न होता जळतो, याची खात्री प्रत्येक कुटुंबाने करून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.