दाराआडचा खेळ

शाळेच्या पालकसभेत ‘मुलांशी बोला’ असे सांगणारे आम्ही दोघे शिक्षक. पण आमच्याच घरात बंद दाराबाहेर उभे होतो. आत आमचा चौदा वर्षांचा मुलगा, दुबईच्या मामूंनी पाठवलेले जुने प्लेस्टेशन टू आणि गोळीबाराचे आवाज. “बेटा, काय खेळतोस?” विचारले की उत्तर ठरलेले : “तुम्हांला नाही कळणार.”

एका संध्याकाळी आम्ही वायर काढून कपाटात ठेवली. दोन दिवस तो मुकाट्याने जेवून उठला. तिसऱ्या दिवशी वायर परत दिली. अट एकच : आमच्यासमोर खेळायचे.

खेळाचे नाव ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. जेम्स बाँडच्या 1963 च्या चित्रपटावरून तो 2005 मध्ये निघाला. ‘गोल्डनआय’सारख्या खेळात पडद्यावर फक्त हात आणि बंदूक दिसते, इथे बाँड पाठमोरा, पण पूर्ण दिसतो. तो भिंतीला चिकटतो, डोकावतो, पळतो. त्यामुळे शेजारी बसणाऱ्यालाही खेळ समजतो. मुलगा सांगू लागला : नेम धरल्यावर थोडे थांबले, तर नेमकी जागा निवडता येते, शत्रूच्या कमरेचा हातबॉम्ब किंवा तो लटकत असलेला दोर.

बाँडचा चेहरा तरुण शॉन कॉनरीचा. आवाज मात्र त्यांनी नव्याने दिलेला, वयाच्या पंचाहत्तरीत. हे कळल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे आजोबांचा आवाज!” कथा इस्तंबूलला पोहोचली तेव्हा आम्ही नकाशा काढला. बॉस्फरसच्या एका काठाला युरोप, दुसऱ्या काठाला आशिया. हे एकच शहर दोन खंडांत वसलेले, हे त्याने स्वतः बोट ठेवून पाहिले.

आमच्या हातात कंट्रोलर आला, तेव्हा बाँड भिंतीवरच आपटत राहिला. मुलगा खूप दिवसांनी खळखळून हसला.

हा खेळ निर्दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. माणसे पडतात आणि त्यांच्यासाठी कुणी रडत नाही. आम्ही विचारले, “या पडलेल्या माणसाच्या घरी कोण असेल?” तो म्हणाला, “अम्मी, गेम आहे हा.” उत्तर आम्हांला पटले नाही. पण दार बंद असताना हा प्रश्न विचारताच आला नसता.

वाचक भगिनी-बंधूंनो, खेळ घरात आणण्यापूर्वी वेष्टनावरची वयाची खूण पाहा. वेळ ठरवा, आमच्याकडे अभ्यासानंतर पाऊण तास. आणि त्यातली निदान दहा मिनिटे शेजारी बसा. हरलात तरी चालेल. आम्ही रोज हरतो. दार मात्र आता उघडे असते.