खर्ड्याच्या शेतात नांगराला तोफगोळा लागला तर?

लढाई : ११ मार्च १७९५, खर्डा (ता. जामखेड). मराठे विरुद्ध निजाम अली. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला. तह मराठ्यांच्या अटींवर.

भरीव गोळा : ओतीव लोखंडाचा.

पोकळ गोळा : आत दारू, वर वातीचे भोक. मातीने भोक बुजले की भरीवच वाटतो. ठोकू नये, तापवू नये, पोलिसांना कळवावे.

बंदुकीची गोळी : शिशाची, गोल. जमिनीत राहून पांढुरकी होते.

कायदा : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक (दहाचा आकडा तेव्हाचाच!). किमान शंभर वर्षे जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.