वृक्षनामे आणि वृक्षवैविध्य : नागपूरच्या रस्त्यांसंबंधी एक टिपण

रस्त्याकडेला कोणते वृक्ष लावावेत हा प्रश्न वस्तुतः वनस्पतिशास्त्राचा. परंतु त्याचा आरंभ नावांच्या यादीपासून होत असल्यामुळे भाषाभ्यासकासही त्यात थोडे स्थान आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाने नगरांतील वृक्षगणना हे वृक्ष प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे.

अमेरिकेतील एल्म वृक्षांच्या रांगा एकाच कवकरोगाने उजाड झाल्या. कीड अगर रोग बहुधा आप्तवृक्षांतच पसरतो. म्हणून फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये दंडक सुचविला : नगरातील एकूण वृक्षांत एका जातीचे १०, एका प्रजातीचे २० व एका कुलाचे ३० टक्क्यांहून अधिक नसावेत.

नागपुरात हा दंडक लावू गेल्यास नावे फसवितात. वड, पिंपळ, उंबर ही नावे तीन. प्रजाती एकच, फायकस. गुलमोहर, सोनमोहर, करंज, चिंच, शिरीष, बहावा ही नामावली कानास समृद्ध वाटते, पण सारे शिंबावंत कुलातील. उलट नीलमोहराचे नाव गुलमोहराच्या साच्यात घडलेले असूनही त्याचे कुल टेटूचे. सर्वांत बिकट प्रकरण अशोकाचे. बंगल्यांच्या फाटकापाशी सरळसोट उभा असतो तो ‘अशोक’ सीताफळाच्या कुलातील. सीतेचा अशोक मात्र शिंबावंत. नोंदवहीत नुसते ‘अशोक’ लिहिले की दोन कुलांची सरमिसळ झालीच. तेव्हा लोकनामाशेजारी शास्त्रीय नाम हवेच. लोकनाम गाळणे मात्र मला मान्य नाही, कारण माळी व नागरिक त्यानेच वृक्ष ओळखतात.

नव्या लागवडीस कडुनिंब, अर्जुन, जांभूळ व मोह हे चार भिन्न कुलांतील वृक्ष विदर्भाच्या उन्हाळ्यास सरावलेले आहेत. मोहाच्या फुलांचा सडा वाहनचालकांस रुचणार नाही, हे खरे.